देऊ की ठेवू

माझ्या थोरल्या नणंदेचा, नीलम्मा आक्कांचा, सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत फोटोचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, जिन्याखालची एक खोली. निळा पडदा, एक स्टूल, टेबलावर कॉम्प्युटर आणि भिंतीवर सिद्धरामेश्वरांची तसबीर. आधी तो आक्कांचे यजमान राजशेखर दाजी चालवायचे. दाजी गेले तेव्हा सगळे धरून चालले होते की आता शटर कायमचं खाली येणार. आक्कांनी दिवसकार्य होऊ दिलं, मग एका सकाळी स्वतःच शटर वर केलं आणि खुर्ची पुसून बसल्या. कॅमेरा दाजींनी हौसेनं शिकवला होता. पोटापाण्यासाठी त्याला हात लावावा लागेल, असं दोघांनाही कधी वाटलं नसणार.

बाई फोटो काढते म्हटल्यावर बायकांना बरं वाटायला लागलं. डोहाळजेवण, बारसं, हळद, सगळीकडे आक्कांना बोलावणं. आणि हळूहळू दुसरं एक बोलावणंही यायला लागलं.

आमच्या लिंगायतांत माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत, बसवतात. भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती, गळ्यात हार, तळहातावर इष्टलिंग. बाजूला भजन चालू असतं. मग घरची माणसं दोन्हीकडे बसतात आणि एक फोटो निघतो. बाहेरच्यांना ऐकून कसंतरी होतं, पण आमच्यात ती रीत आहे. आक्का त्या घरी गेल्या की चपला पार फाटकाशी काढतात. आधी नमस्कार करतात. बाई असली तर तिचा पदर नीट करतात, कपाळावर आलेले केस बोटानं मागं सारतात. फ्लॅश मारत नाहीत. घरच्यांना सांगतात, कॅमेऱ्याकडं बघू नका, त्यांच्याकडंच बघा.

सगळं उरकलं, आठ-पंधरा दिवस गेले, की घरातल्या मोठ्या माणसाला हळूच विचारतात, "देऊ की ठेवू?"

बहुतेक जण म्हणतात, ठेवा. त्याचं असं आहे की तो फोटो घरात कुणाला नको असतो. भिंतीवर लावायला जुना, हसरा फोटो असतो. पण पुसून टाका म्हणायलाही जीभ रेटत नाही. तेव्हा ठेवा. चार वर्षांनी एखादी लेक येते, दारात उभी राहते, म्हणते, आईचा तेवढा एकदा बघू का. कुणी पुसा म्हणालंच तर आक्का त्यांच्यासमोर पुसतात. ठेवा म्हणाले तर ठेवतात, आणि त्यांनी मागेपर्यंत तो कुणाच्या नजरेला पडू देत नाहीत. हा शब्द त्यांनी कागदावर कुणाला दिलेला नाही, तोंडीच आहे.

दाजींच्या वेळेला एकदा कॉम्प्युटर बिघडून एका लग्नाचे सगळे फोटो गेले होते. तेव्हापासून आक्का दोन ठिकाणी ठेवतात. एक स्टुडिओत आणि एक आमच्याकडे, अक्कलकोटला. बियाणाची ज्वारी कुणी एकाच पेवात ठेवत नाही, तसंच हे. हाताच्या पंजाएवढी काळी हार्ड डिस्क, आम्ही तिला पेटीच म्हणतो. दरवर्षी सिद्धेश्वराच्या गड्ड्याची यात्रा झाली की आक्का यायच्या, पेटीत नवे फोटो भरायच्या, दोन दिवस राहायच्या, स्वामींच्या मठात जाऊन यायच्या. माझे यजमान बसवेश, त्यांचे धाकटे भाऊ, तेव्हा दुकानाला सुट्टी द्यायचे. बोलताना मी नाव घेत नाही, लिहिताना चालतं.

सुरुवातीला पेटी उघडीच असायची. कुणीही जोडावी, कुणीही बघावी. आमच्या घरात बघणार कोण, म्हणून कुणाच्या मनातही आलं नाही.

आमच्या पुतण्याचं, शिवूचं लग्न झालं आणि नवी सून माहेरच्या माणसांसह पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली. लग्नाचे फोटो आक्कांनीच काढलेले. ह्यांना हौस आली. कपाटातली पेटी काढली आणि टीव्हीच्या मागं जोडली. पाहुणे पुरणाची होळीगी खात बसलेले. रिमोटवर ह्यांचा अंगठा कुठं गेला कुणास ठाऊक, टीव्हीभर एक म्हातारी आली. भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, गळ्यात झेंडूचा हार. ह्यांनी घाईनं बटण दाबलं तर दुसरं कुणीतरी आलं. मी जाऊन टीव्हीची पिनच उपटली.

सुनेची मावशी ताट खाली ठेवून म्हणाली, "पहिल्या होत्या त्या माझ्या थोरल्या जाऊबाई."

तिला त्या वेळी मातीला पोचता आलं नव्हतं. माणसं भली, कुणी बोल लावला नाही. पण जेवण तिथंच संपलं.

कळलं तशा आक्का त्या मावशींच्या घरी जाऊन बसून आल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. आल्यावर त्यांनी माझ्या मुलीला, राजनंदिनीला फोन लावला. ती तेव्हा सोलापुरात कॉम्प्युटरचं शिकत होती. म्हणाल्या, मला असं कुलूप दे की मी सोडून कुणालाच उघडता नाही आलं पाहिजे, अगदी चुकून सुद्धा.

राजनंदिनीनं आत्याला चार दिवस बसवून शिकवलं. मलाही सांगितलं होतं, मला कळलं ते असं. नुसता पासवर्ड घालणं म्हणजे दाराला कडी लावणं, दार तोडलं की आतलं सगळं जसंच्या तसं हाती लागतं. हे एन्क्रिप्शन वेगळं. यात आतल्या फोटोंचं ज्वारीसारखं दळून पीठ होतं. पीठ कुणाच्याही हाती लागलं तरी त्यातून कणसं ओळखू येत नाहीत. त्या पिठाचे परत दाणे करायची विद्या फक्त एका लांब वाक्यात, आणि ते वाक्य फक्त आक्कांच्या डोक्यात. नाव, जन्मतारीख, गाडीचा नंबर असलं काही त्यात घालायचं नाही. आणि विसरलात तर संपलं. ज्यानं हे कुलूप बनवलं त्यालाही मग उघडता येत नाही. म्हणून आक्का रोज पूजा झाल्यावर, विभूती लावताना, ते वाक्य एकदा मनात म्हणतात.

आपलं काही बरंवाईट झालं तर, म्हणून त्यांनी ते आणखी एकाच माणसाला दिलं. राजनंदिनीला समोर बसवलं आणि दीक्षेच्या वेळी गुरू कानात मंत्र सांगतात तसं तिच्या कानात सांगितलं. लिहून घेऊ दिलं नाही.

त्या दिवाळीत आक्का नवी पेटी घेऊन आल्या, तोपर्यंतचे सगळे फोटो आत, कुलूपबंद. जुनी उघडी पेटी आमच्यासमोर पुसून रिकामी केली. ह्यांनी पेटी घेतली आणि दुसरा हात पुढं केला.

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्या भागात एखाद्यानं आपली ट्रंक दुसऱ्याच्या घरी ठेवायला दिली, तर तो कुलूप लावतो आणि किल्ली त्याच घरच्या माणसाच्या हातात देतो. कुलूप चोरासाठी. किल्ली कमरेला लावून निघून गेला तर त्याचा अर्थ एकच, की तुम्हीही चोरच.

"किल्ली?" हे म्हणाले.

"किल्ली न्हाय ह्याला, बसू. शब्द हायत."

"मग शब्द सांग की."

"ते न्हाय सांगत."

ह्यांना आधी गंमत वाटली. मग राजनंदिनीला माहीत आहे हे कळलं. लगेच तिला फोन. ती फोनवर म्हणाली, बाबा, ते आत्याचं आहे, आत्याला विचारा. झालं. पोरीला माहीत आणि बापाला नाही. टीव्हीचा प्रसंग कुणी काढला नाही, पण तो मनात होताच. ह्यांना वाटलं ही त्याची शिक्षा आहे.

"ज्या घरावर भरवसा न्हाय त्या घरात ठेवतीस कशाला?" हे म्हणाले. "सोलापुरात बँका लई हायत."

आक्का म्हणाल्या की राजनंदिनी पण तेच म्हणत होती, कुलूप लावल्यावर कुठंही ठेव, इंटरनेटवर ठेव, परक्याच्या घरी ठेव, काही बिघडत नाही. मग म्हणाल्या, "पण लोकांची माणसं हायत ह्यात. रोज दिवा लागतो असल्या घरात असावीत असं मला वाटतं. तुला नको असलं तर नेते."

हे उठून दुकानात गेले. आमचं खत-बियाणाचं दुकान आहे. आक्कांनी चहा घेतला, पेटी माझ्या हातात दिली आणि दुपारच्या एसटीनं परत गेल्या. मी ती कपाटात रेशमी लुगड्यांच्या खाली ठेवली.

त्यानंतर बहीण-भावाचं बोलणं बंद. भांडण असं नाही, फोन करायचा नाही एवढंच. जानेवारीत गड्डा आला आणि गेला. हे सोलापूरला गेले नाहीत, आक्का अक्कलकोटला आल्या नाहीत. मी दोन्हीकडं बोलून पाहिलं. आक्का म्हणायच्या, तो ये म्हणाला की येते. हे म्हणायचे, माहेरी यायला आमंत्रण लागतं व्हय.

उन्हाळ्यात सोलापूरच्या पाण्यानं घोळ केला. तिथं नळाला पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, तेही केव्हा येईल ते नक्की नाही. लोक नळ सोडून बघतात, कोरडा फुसकारा ऐकतात आणि बंद करायला विसरतात. स्टुडिओच्या वरच्या घरातले विसरले आणि कुलूप लावून गावाला गेले. पाणी आलं ते रात्रभर वाहत राहिलं. सकाळी आक्कांनी शटर उघडलं तर छतातून धार लागलेली, खाली कॉम्प्युटर, आणि टेबलाच्या खणात, पाण्यात बुडालेली स्टुडिओतली पेटी. दुरुस्तीवाल्यांनी उन्हात वाळवून पाहिलं, खोलून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. वरचे लोक पाया पडले. आक्का त्यांना म्हणाल्या, आमच्याकडून पण राहतो की नळ उघडा.

आता जे काही होतं ते आमच्या घरातल्या त्या एका पेटीत.

आणि नेमके त्याच आठवड्यात वळसंगकडचे अण्णाराव स्टुडिओच्या पायरीवर येऊन बसले. वय झालेलं, काठी, डोक्याला रुमाल. त्यांची बायको गौरव्वा दिवाळीच्या थोडं आधी गेली होती, आक्कांनीच फोटो काढला होता. त्या दिवशी अण्णाराव आत आलेच नव्हते. लेकांनी दंडाला धरून ओढलं तरी अंगणात लिंबाखाली बसून राहिले होते. नंतर विचारलं तेव्हा ठेवा म्हणाले. आता म्हणत होते, "तिचं तोंड आठवंना झालंय. लग्नातला फोटो हाय, पण त्यातली पोर हाय, ती माझी म्हातारी न्हवं. शेवटचं बघायचं राहिलं माझं."

आक्कांनी त्यांना खरं सांगितलं. इथलं सगळं गेलं, एक माझ्या भावाकडं आहे, तुमची बाई त्यात असणार. मग मला फोन केला. ह्यांना नाही, मला.

जेवताना मी ह्यांच्या कानावर घातलं. हे जेवून उठले आणि हात धुवायला गेले. ताट धुवायला टाकून मी कपाट उघडलं. लुगड्यांखाली पेटी नव्हती. सगळी लुगडी बाहेर काढली, खालचा कप्पा पाहिला, गादीखाली पाहिलं. रागात कुठं टाकून दिली असेल का, असं मनात आलं. स्वामींचं नाव घेतलं आणि ह्यांना विचारलं.

"हाय," म्हणाले. "यायचं तर येऊ दे तिला."

बेस्तवारी, स्वामींच्या गुरुवारी, आक्का आल्या, सोबत अण्णाराव. अण्णाराव ह्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायला लागले आणि ह्यांनाही घडाघडा बोलावं लागलं. दोघांचं पाऊस-पेरणीचं निघालं. आक्का भिंतीकडं बघत बसलेल्या. पाणी-चहा झाल्यावर हे उठले, दुकानात गेले आणि टॉवेलात गुंडाळलेली पेटी घेऊन आले. "कपाटामागच्या भिंतीला ओल आली होती," मला म्हणाले, आक्कांना नाही. "तिजोरीत ठेवली होती."

राजनंदिनीचा जुना लॅपटॉप आक्कांनी आणला होता. सतरंजीवर बसून पेटी जोडली. पडद्यावर एक रिकामी चौकट आली. आक्कांनी बोटं टेकवली आणि थांबल्या.

अण्णाराव कुणी न सांगता काठीवर भार देऊन वळले आणि भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्याची तिजोरी उघडताना आपण बघू नये, तेवढंच. ह्यांनी ते बघितलं. मग हेही वळले. मी तर आधीच देवाकडं तोंड केलं होतं.

पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदाही चुकलं. आक्कांनी डोळे मिटले, गळ्यातल्या लिंगाला हात लावला, रोज पूजेनंतर म्हणतात तसं ओठातल्या ओठात म्हटलं आणि सावकाश एकेक अक्षर दाबलं. उघडलं.

गौरव्वा होत्या.

आक्कांनी लॅपटॉप उचलून अण्णारावांच्या मांडीवर ठेवला आणि आम्ही सगळे स्वयंपाकघरात आलो. मला त्यांची पाठ तेवढी दिसत होती. ते पडद्यावर वाकले. मग कुणाशी तरी बोलावं तसं म्हणाले, "कपाळावर बट न्हाय आली. लई जपायची."

बट आक्कांनी मागं सारली होती. त्यांनी ते सांगितलं नाही.

थोड्या वेळानं आक्का त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि विचारलं, "देऊ की ठेवू?"

"ठेवा," अण्णाराव म्हणाले. "बघितलं मी."

ते जेवले, स्वामींच्या दर्शनाला म्हणून मठात गेले. घरात आम्ही तिघंच उरलो. आक्का पेटी बंद करायला लागल्या तेव्हा हे म्हणाले, "आक्का, ह्यात आई हाय का?"

"हाय."

सासूबाई ह्याच घरात गेल्या, चार वर्षं झाली. त्यांना बसवलं तेव्हा हे हार आणायला म्हणून जे बाहेर पडले, ते सगळं झाल्यावर आले.

"तू दाखवू नको म्हणाला होतास," आक्का म्हणाल्या. "पुस म्हणाला न्हाईस. म्हणून ठेवला. त्या दिवशी टीव्हीवर तू आणखी दोनदा बटण दाबलं असतंस तर आईच आली असती, बसू. पाहुण्यांसमोर, जेवणाच्या ताटावर. शब्द तुला सांगितले असते तर तू कधीतरी एकटाच उघडून बसला असतास. आईचं तोंड असं एकट्यानं बघू नये कुणी."

हे खाली बघत होते. आक्कांनी माझ्याकडं हात करून विचारलं, "दाखवू? मी हाय, शिवलीला हाय."

"आज नको."

"बरं."

मग हे म्हणाले, "दिवाळीनंतरचे कुठं हायत?"

"ते गेले."

"सगळे?"

"यात्रेनंतर आले असते तर तोपर्यंतचे ह्यात असते," आक्का म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, हे मला नंतर म्हणाले.

दिवाळीनंतर ज्या घरांनी ठेवा म्हटलं होतं, त्या घरांत आक्का एकट्या जाऊन फोटो गेल्याचं सांगत होत्या. निम्मी घरं झाली होती, निम्मी राहिली होती. फोनवर सांगायचं त्यांच्या मनाला पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी दुकान बंद ठेवलं आणि आक्कांना गाडीवर मागं बसवून सोलापूरला नेलं. पुढचं मला आक्कांनी सांगितलं.

पहिलं घर साखर पेठेतलं. बजाबाई नावाची म्हातारी, तिचा नवरा मार्गशीर्षात गेलेला. आक्का चपला फाटकाशी काढून आत गेल्या. पाण्याचं सांगितलं, पेटीचं सांगितलं, तुमच्या मालकांचा फोटो माझ्याकडून गेला म्हणाल्या. बजाबाई ऐकत होती. हे दारातच उभे होते. आक्कांचं बोलणं संपल्यावर हे म्हणाले, "त्यांच्याकडून न्हाय गेला, मावशी. दुसरी पेटी माझ्याकडं असती. ह्या वर्षी मी बहिणीला घरी बोलावलं न्हाय, म्हणून तिच्यात भरायचं राहिलं."

बजाबाईनं ह्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. विचारलं, सख्खा भाऊ काय? हे म्हणाले, व्हय. मग ती सुनेला म्हणाली, "दोघांना बसायला टाक," आणि ह्यांना म्हणाली, "हितनं पुढं तरी बोलावत जा बाबा."

बसायला सतरंजी टाकली. मग बजाबाईनं आपल्या नवऱ्याचं सांगायला सुरुवात केली. तो कसा चालायचा, कुठल्या बाजूला मान कलती करून हसायचा, मीठ किती लागायचं. दोघं बहीण-भाऊ ऐकत बसले. दुसऱ्या घरी जायला त्यांना त्या दिवशी उशीरच झाला.